इंदूरमध्ये घर घेताना-विकताना : पैसा कागदाच्या पुढे धावू देऊ नका

इंदूरमध्ये मालमत्तेच्या व्यवहारात फसलेल्या मराठी माणसाला विचारा, सौदा कोणामार्फत झाला? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ओळखीचाच होता हो." कोणी गणेशोत्सव मंडळातला, कोणी मेहुण्याच्या ऑफिसातला, तर कोणी सुदामा नगरात दोन गल्ल्या सोडून राहणारा. अनोळखी माणसाला आपण बयाणा, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम, देतच नाही. त्यामुळे फसवणूक नेहमी ओळखीच्या दारातून आत येते. "आपल्यातलाच आहे, कागद कसले मागायचे" या संकोचावर निम्मा धंदा चालतो.

हा संकोच टाळायचा सोपा उपाय म्हणजे सगळं वकिलावर ढकलायचं. "भाऊ, माझी काही हरकत नाही, पण आमचे वकीलसाहेब कागद पाहिल्याशिवाय हलू देत नाहीत." यात कोणाला राग येत नाही. आणि आलाच, तर त्या रागातूनही बरंच काही कळतं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांचं सूत्र एकच आहे. कागद एक पाऊल पुढे सरकला, की मगच पैसा एक पाऊल पुढे. शहरातल्या जवळपास प्रत्येक फसवणुकीत हा क्रम उलटा झालेला दिसतो.

आधी मिळकतीची जात ओळखा

कागद कोणते तपासायचे, हे मिळकत कोणत्या प्रकारची आहे यावर ठरतं. रामबागेतला जुना वाडा, स्कीम 78 मधला प्राधिकरणाचा प्लॉट, बायपासवरचा बिल्डरचा फ्लॅट, गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट आणि सांवेर रोडकडे शेत तोडून पाडलेली कॉलनी, या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दलाल मात्र सगळ्यांना एकच शब्द वापरतो, "क्लिअर आहे." तुम्ही विचारायचं, "क्लिअर म्हणजे कोणते कागद?"

विकास प्राधिकरणाची किंवा हाउसिंग बोर्डाची मिळकत बहुधा लीजवर असते. तिथे लीज डीड, लीजची मुदत, लीज रेंट भरल्याच्या पावत्या, नूतनीकरण झालंय का आणि हस्तांतरणासाठी कार्यालयाची परवानगी लागते का, हे पाहायचं. फ्रीहोल्ड, म्हणजे पूर्ण मालकीची, करून घेतली असेल तर त्याचा नोंदलेला दस्त मागायचा. राहण्यासाठी दिलेल्या प्लॉटवर खाली दुकानं काढली असतील तर लीजच्या शर्तींचा भंग झालेला असू शकतो, आणि ते दुखणं रजिस्ट्रीनंतर तुमच्या गळ्यात येतं.

कॉलनीतला प्लॉट : सगळ्यात जास्त इथेच बुडतात

सुपर कॉरिडॉर, उज्जैन रोड, खंडवा रोड, राऊ-महू या पट्ट्यात 'डायरीवर' सौदे करण्याची इंदुरी पद्धत वर्षानुवर्षं चालत आली आहे. खिशातल्या डायरीच्या पानावर प्लॉट नंबर, माप, भाव आणि मिळालेली रक्कम लिहिलेली असते, खाली नुसती आद्याक्षरं. कॉलनीचं पूर्ण नाव नाही, खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) नाही, देणाऱ्याचा पत्ता नाही. हे पान पुढे तिसऱ्याला, तिसऱ्याकडून चौथ्याला भाव वाढवून विकलं जातं. कॉलनी उभी राहिलीच नाही, किंवा मालकाने हात झटकले, तर शेवटच्या माणसाच्या हातात फक्त ते पान उरतं. न्यायालयात त्याला किंमत जवळजवळ नाही, आणि पैसे रोख दिलेले असल्याने बँकेतही माग नाही. भाव कितीही आकर्षक असो, डायरीला हात लावू नका.

दुसरा सापळा जाहिरातीतला 'टीएनसीपी अप्रूव्ड'. नगर तथा ग्राम निवेश विभागाने अभिन्यास मंजूर केला, एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे रस्ते, बगीचे आणि प्लॉट कागदावर कसे असतील याला होकार मिळाला. कॉलनी कायदेशीर व्हायला त्याशिवाय जमिनीचं डायव्हर्जन (शेतजमिनीचा वापर बदलण्याची मंजुरी), कॉलनाइजरची म्हणजे कॉलनी पाडणाऱ्याची नोंदणी, विकास परवानगी आणि रेरा या स्थावर मालमत्ता नियामकाकडची नोंदणी लागते. यातला एक कागद दाखवून बाकीचे आहेत असं भासवणं फार सोपं असतं. प्रत्येकाची प्रत वेगळी मागा, आणि प्रत्येकावरचे खसरा नंबर एकमेकांशी जुळतात का ते बोट ठेवून पाहा.

तिसरी गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. विकास परवानगी देताना कॉलनीतले काही प्लॉट, साधारण चौथा हिस्सा, हमी म्हणून बंधक ठेवले जातात. रस्ते, गटारं, पाणी, वीज पूर्ण झाल्यावर ते सोडवले जातात. त्याआधी हे बंधक प्लॉट विकता येत नाहीत. तरी विकले जातात, आणि थोडे स्वस्त विकले जातात. परवानगीसोबत बंधक प्लॉटची यादी असते. ती मागा, आपला नंबर त्यात आहे का पाहा, आणि असेल तर मुक्त झाल्याचा आदेश दाखवायला सांगा.

रेराबद्दल एवढं पाठ असू द्या. 2016 चा कायदा सांगतो की 500 चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन किंवा 8 पेक्षा जास्त फ्लॅट असतील तर नोंदणीशिवाय जाहिरातही करता येत नाही, बुकिंग तर दूरच. नोंदलेला विक्री करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त घेऊ शकत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला 70 टक्के भाग त्या प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो. म्हणून चेक लिहिताना खात्याचं नाव रेराच्या संकेतस्थळावरच्या नोंदीशी ताडून पाहा. "चेक भावाच्या फर्मच्या नावाने द्या" असं कोणी म्हणालं, की पेन बंद. प्रकल्प विकणाऱ्या दलालालाही रेराची नोंदणी लागते, तो नंबरही विचारायला हरकत नाही.

अवैध कॉलनी वैध होणार, अशी हवा दर निवडणुकीआधी असते. रस्ते-पाणी मिळणं, नकाशा मंजूर होणं या वेगळ्या गोष्टी, आणि विकणाऱ्याकडे मुळात मालकी असणं वेगळी. पहिल्याने दुसरीतला दोष दुरुस्त होत नाही.

गृहनिर्माण संस्थेचा प्लॉट

इथे मी थोडा कठोर आहे : अगदी खात्रीचं कारण नसेल तर जाऊ नका. शहरातल्या कित्येक संस्थांच्या जमिनी पदाधिकाऱ्यांनीच परस्पर विकल्या आणि मूळ सदस्य दशकानुदशकं रजिस्ट्री हातात घेऊन ताब्याची वाट पाहत राहिले. 2021 मध्ये जिल्हा प्रशासनाने भूमाफियांविरुद्ध मोहीम काढून काही कॉलन्यांत सदस्यांना ताबा मिळवून दिला, पण सगळ्यांची तड लागलेली नाही. घ्यायचाच असेल तर सहकारिता विभागाच्या कार्यालयात जाऊन विकणाऱ्याचं नाव सदस्यांच्या वरीयता सूचीत (प्राधान्यक्रमाच्या यादीत) आहे का, संस्थेवर प्रशासक किंवा परिसमापक (संस्था गुंडाळणारा अधिकारी) नेमलाय का, आणि त्याच प्लॉटची आणखी कोणाच्या नावाने रजिस्ट्री झालीय का, हे तपासा. जुनी सदस्यत्वाची पावती विकत घेणं म्हणजे वाद विकत घेणं.

खसरा वाचायला शिका

जमिनीचा खसरा, बी-1 (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि नकाशा एमपी भूलेख या राज्याच्या भूनोंदींच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. दलालाने दिलेली झेरॉक्स बाजूला ठेवून स्वतः काढा. नाव जुळलं की बहुतेकजण थांबतात. खरं वाचायचं असतं ते शेवटच्या 'कैफियत', म्हणजे शेऱ्याच्या, रकान्यात.

तिथे 'अहस्तांतरणीय' किंवा 'शासकीय पट्टेदार' लिहिलं असेल तर ती सरकारने दिलेली पट्ट्याची जमीन आहे आणि कलेक्टरच्या परवानगीशिवाय तिची विक्री चालत नाही. देवाचं नाव आणि 'व्यवस्थापक कलेक्टर' असेल तर ती मंदिराची जमीन. पुजाऱ्याने विकली तरी पुजारी मालक नसतो, सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये मध्य प्रदेशच्याच प्रकरणात हे स्पष्ट केलं. होळकरकालीन देवस्थानं भरपूर असलेल्या आपल्या शहरात ही नोंद दुर्मीळ नाही. 'सीलिंग'चा (जमीनधारणेच्या कमाल मर्यादेचा) उल्लेख असेल, बँकेकडे बंधक असल्याची नोंद असेल किंवा न्यायालयाचा स्थगन आदेश चढवलेला असेल, तर तिथेच थांबून वकिलाला दाखवा. जमीन आदिवासी भूमिस्वामीची असेल तर भू-राजस्व संहिता 1959 ची स्वतंत्र बंधनं लागू होतात. "परवानगी मिळेल, काळजी नको" हे वाक्य तिथे सर्रास ऐकू येतं. परवानगी मिळाल्यावर या, असं सांगायचं.

आणि एक गैरसमज. नगर निगमाच्या संपत्ती कराच्या पावतीवर नाव आहे, वीज बिल त्याच्या नावाने येतं, नामांतरणही (सरकारी नोंदीत नाव बदलणं) झालंय, म्हणून तो मालक ठरत नाही. ही कर वसुलीची आणि नोंदीची सोय आहे. मालकी ठरते नोंदलेल्या दस्तांच्या साखळीने.

साखळी, कर्ज आणि कोर्ट

किमान 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मागच्या दस्तांचा शोध, वकिलाकडून करून घ्या. वकील तुमचा असावा, दलालाने आणलेला नको आणि बिल्डरच्या ऑफिसातला तर नकोच. संपदा ही राज्याची ऑनलाइन दस्त नोंदणी प्रणाली आल्यापासूनचे दस्त ऑनलाइन शोधता येतात, त्याआधीचे उपपंजीयक कार्यालयातल्या नोंदींतून काढावे लागतात. मधला एखादा दस्त नसेल आणि तिथे 'मुख्तारनामा' (पॉवर ऑफ ॲटर्नी) असेल तर कान टवकारा. नुसत्या मुख्तारनाम्यावर आणि नोटरी करारावर मिळकतीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2011 मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. नोटरीच्या लाल शिक्क्याचा दबदबा मात्र अजून कायम आहे.

मूळ कागद "गावाला आहेत", "लॉकरमध्ये आहेत" अशी टाळाटाळ होत असेल तर ते बँकेत गहाण असण्याची शक्यता धरा. ठराविक फी भरून सेरसाय या केंद्रीय नोंदणीत कोणालाही मिळकतीवर कर्ज आहे का ते पाहता येतं. विकणाऱ्याच्या नावाने ई-कोर्ट्सवर दिवाणी दावे आणि महसुली प्रकरणांच्या आरसीएमएस पोर्टलवर तहसीलमधले वाद शोधा. दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली असते, तुम्हाला माहीत असो वा नसो. हिंदी दैनिकात जाहीर सूचनाही द्या. खर्च किरकोळ असतो, आणि लपलेला भाऊ किंवा जुना बयाणादार त्यामुळेच समोर येतो.

"स्टेट बँकेने कर्ज मंजूर केलं, म्हणजे कागद चांगलेच" असं म्हणतात. बँक स्वतःचा पैसा वाचवण्यापुरतं पाहते, शिवाय तुमचा पगारही तिच्याकडे तारण असल्यासारखाच असतो.

जागेवर जा, दलालाशिवाय जा

एकदा सकाळी, एकदा अंधार पडल्यावर. शेजारच्या काकूंना विचारा, इथे कोण राहतं, मालक शेवटचे कधी आले. बंद घरांच्या बाबतीत तर हे टाळूच नका : मुलं परदेशात, घराला कुलूप, आणि कोणीतरी मालकाच्या नावाची बनावट ओळखपत्रं घेऊन सौदा करतोय, हा प्रकार शेजाऱ्याशी दहा मिनिटं बोललं की उघडा पडतो. जुन्या वाड्यात किरायेदार असेल तर त्याला भेटा. 1961 च्या स्थान नियंत्रण कायद्यातला जुना किरायेदार रजिस्ट्रीने बाहेर जात नाही. "तो जाईल हो, बोलणं झालंय" हे त्याच्याच तोंडून ऐका आणि लेखी घ्या. प्लॉट असेल तर चारही बाजू मोजा, चतुःसीमा दस्तात लिहिल्याप्रमाणे आहे का पाहा.

बयाणा आणि करार

टोकन म्हणून काहीतरी द्यावंच लागतं, ते छोटं ठेवा आणि खात्यातूनच द्या. मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो. 'नंबर दोन'चा पैसा देणाऱ्याने आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी : सौदा मोडला तर तो परत मागायला तुमच्याकडे कागद नसतो, आणि कागद दाखवलाच तर आधी आयकर खातं विचारतं.

करारात काय हवं? मिळकतीचं पूर्ण वर्णन, सगळ्या मालकांच्या सह्या, एकूण किंमत, कोणत्या तारखेला किती रक्कम, कर्ज किंवा दावा निघाला तर बयाणा किती दिवसांत परत, आणि रजिस्ट्री कधी. रक्कम मोठी असेल तर करार नोंदवून घ्या. ताबा न देता केलेल्या करारावरची स्टॅम्प ड्युटी विक्रीपत्रापेक्षा खूपच कमी असते, ती वाचवून काही हाती लागत नाही.

पूर्ण किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर नियम वेगळा आणि कपात पुष्कळ जास्त असते. मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅट त्याच्या नावे असलेल्या घरांशी व्यवहार करताना सीए गाठाच.

रजिस्ट्रीचा दिवस

संपदा 2.0 ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाल्यापासून ओळख आधारच्या ई-केवायसीने पटते, मिळकतीचं जिओ टॅगिंग होतं. तोतया मालक उभा करणं त्याने अवघड झालं, पण धोका ओटीपीकडे सरकला. सेवा प्रदात्याच्या (दस्त ऑनलाइन तयार करून देणाऱ्याच्या) दुकानात गर्दीत कोणी म्हणतं, "काकू, मोबाइल द्या, मी करतो." मोबाइल देऊ नका. कोणत्या कामासाठी ओटीपी आलाय तो मेसेज पूर्ण वाचा, मग आकडा सांगा. मसुदा आदल्या दिवशी घरी मागवून खसरा, प्लॉट नंबर, मजला, चौरस फूट, चतुःसीमा, नावांची स्पेलिंग अशा सगळ्या ओळी वाचून घ्या. घाईत केलेली चूक दुरुस्त करायला पुन्हा विकणाऱ्याचीच सही लागते.

शहरात स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी शुल्क मिळून साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातात, महिलेच्या नावाने सवलत मिळते. हा आकडा पाहून सरकारी गाइडलाइन दराच्या पलीकडची किंमत दडवायचा मोह होतो. दस्तात कमी किंमत लिहिली आणि उद्या सौदा रद्द झाला, तर परत मागता येते ती लिहिलेलीच.

नामांतरण लांबवू नका

रजिस्ट्री झाली की पेढे वाटून मोकळे होतात, आणि जुन्या मालकाचं नाव खसऱ्यात तसंच राहतं. दुसऱ्यांदा विकणाऱ्याला हेच हवं असतं. काही साध्या प्रकरणांत सायबर तहसील या ऑनलाइन सरकारी व्यवस्थेमुळे नामांतरण आपोआप सुरू होतं, तरी भूलेखवर आपलं नाव प्रत्यक्ष दिसेपर्यंत पाहत राहा. निगमाच्या खात्यात, वीज कंपनीत, सोसायटीतही नाव लावून घ्या. रिकाम्या प्लॉटला तारेचं कुंपण आणि नावाची पाटी हवीच.

विकणाऱ्यांसाठी

विकणारा फसत नाही, असं वाटतं. इंदूरमध्ये मात्र एकटे राहणारे आजी-आजोबा, मुलं पुण्यात किंवा बाहेरदेशी, आणि घर विकून मुलाकडे जायचंय, हे चित्र घरोघरी आहे, आणि दलालांना ते चांगलं माहीत आहे.

सगळ्यात महत्त्वाचं : रजिस्ट्री झाल्यावर चेक वटला नाही म्हणून रजिस्ट्री रद्द होत नाही. उरलेली किंमत मिळाली नाही तरी विक्री वैध राहते, विकणाऱ्याने पैशासाठी दावा लावावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये म्हटलं आहे. म्हणून सही करण्याआधी रक्कम तुमच्या खात्यात जमा झालेली हवी, किंवा डिमांड ड्राफ्ट देणाऱ्या बँकेकडून खरा असल्याची खात्री झालेली हवी. आरटीजीएसचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसा नव्हे. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक पाहा. खरेदीदाराचं कर्ज असेल तर बँकेच्या अधिकाऱ्याशी स्वतः बोला.

पूर्ण पैसे येईपर्यंत मूळ कागद कोणालाही देऊ नका. "वकिलाला दाखवून संध्याकाळी आणतो" म्हणणाऱ्यालाही झेरॉक्सच, आणि तिच्यावर आडवं लिहा : 'फक्त तपासणीसाठी', तारीख, सही. किल्ली 'जरा रंगकाम करून घेतो' म्हणून मागतात. ताबा आधी गेला की उरलेल्या पैशाची घाई फक्त तुम्हाला राहते.

दलाल म्हणेल, "आजोबा, तुम्हाला कशाला दगदग, मुख्तारनामा माझ्या नावाने करून द्या." नाही. द्यायचाच तर जवळच्या नातेवाइकाला, त्या एका मिळकतीपुरता, आणि पैसे मालकाच्याच खात्यात जातील अशी ओळ घालून. परदेशातल्या मुलाने दिलेला मुख्तारनामा भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावा, आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर स्टॅम्प लावून घ्यावा.

वडिलोपार्जित वाडा असेल तर सगळ्या वारसांना आधी बसवा. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, नागपूरला दिलेल्या ताईचाही. तिची सही 'नंतर घेऊ' म्हणून ठेवली की खरेदीदार तेच कारण सांगून शेवटचा हप्ता अडवतो. आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, आणि घर बंद करून जाणार असाल तर शेजाऱ्याकडे फोन नंबर ठेवाच.

भाड्याने किंवा विकायला ऑनलाइन जाहिरात दिली की लष्करात असल्याचं सांगणाऱ्या भामट्यांचे, 'फौजी साहेबांचे', फोन येतात : घर न पाहताच आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. पैसे यायला पिन कधीच टाकावा लागत नाही.

बिघडलंच तर

पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच तासाला 1930 वर फोन आणि बँकेला कळवणं, बाकी सगळं नंतर. रजिस्ट्री दुसऱ्याच्या नावाने झाल्याचं कळलं तर तहसीलमध्ये नामांतरणावर लेखी आक्षेप लगेच नोंदवा, आणि वकिलामार्फत दिवाणी न्यायालयात स्थगितीसाठी अर्ज करा. नोंदलेला दस्त रद्द करून घ्यायची जागा तीच. पोलीस तक्रारीत भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 आणि बनावट दस्तांची कलमं येतात. ठाण्यात "हा दिवाणी मामला आहे" असं ऐकवलं जातं, म्हणून बनावट सही, बनावट आधार, दुहेरी विक्री यांचे पुरावे वेगळे काढून, तारखांच्या क्रमाने जोडून न्या. बिल्डरविरुद्ध रेराकडे व्याजासह परतावा मागता येतो. संस्थेचं प्रकरण असेल तर सहकारिता विभाग. कुठेच दाद लागली नाही तर मोती तबेल्यावर कलेक्टर कार्यालयात मंगळवारी जनसुनवाई (लोकांच्या तक्रारी ऐकण्याची बैठक) असते. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पुढच्या मंगळवारी तो क्रमांकच विचारतात.